यंत्राची नित्यपूजा

खंडेनवमीस आपल्या मराठी घरांतून हत्यारांची व यंत्रांची पूजा होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापून ज्या नगरीत यंत्रविद्येला प्रतिष्ठा दिली, त्या वडोदऱ्यात ही पूजा विशेष शोभते. परंतु ज्यांच्या परसात लहानसा लेथ चालतो, त्यांनी वर्षाच्या उरलेल्या दिवसांचाही विचार करावयास हवा.

गंज हा लेथचा शत्रू खराच. पण बिडाची बारीक भुकटी त्याहून कपटी. ती तेलात मिसळली की तिचा घासणारा लेप होतो आणि बेडचे गुळगुळीत पृष्ठभाग झिजू लागतात. मग कितीही जपून काम केले तरी माप साधत नाही. धार लावण्याच्या चाकाची धूळ तर अधिकच घातक. म्हणून ते चाक लेथपासून दूर ठेवावे.

स्वच्छतेची रीत सोपी आहे. प्रथम यंत्र पूर्ण थांबवावे. धातूचा कीस ब्रशने झाडावा. हाताने ओढू नये, तो सुरीसारखा कापतो. हवेच्या झोताने कचरा फटींत शिरतो, तो मोह टाळावा. नंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये. चालत्या यंत्राजवळ मात्र फडके कदापि नेऊ नये. ते चकात गुंडाळले गेले, तर त्यासोबत बोटेही ओढली जातात.

काम संपल्यावर दहा मिनिटे यासाठी राखावीत व मुलांनाही ही सवय लावावी. खंडेनवमीचे फूल मग स्वच्छ यंत्रावर वाहिले जाईल.