तेहेतीस गोपद्मं

पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तरी गोलबाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर प्लास्टिक ताणून मेंदीवाल्या बसल्या आहेत. उद्या हरतालिका. जबलपुरात हा सण मराठी घरांइतकाच हिंदी घरांतही मोठा. इथले लोक त्याला तीज म्हणतात, आणि तीजेच्या आदल्या संध्याकाळी कोऱ्या हातांची बाई रस्त्यात दिसणं कठीण.

राइट टाउनमध्ये काकूच्या घरी मात्र मेंदीवाली मुलगी काकूच्या मागे, डोक्यापाशी उभी आहे.

काकू स्टुलावर बसली आहे. रुमाल सोडून तिनं मांडीवर घेतलाय. केमोचं लाल औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचे केस उशीवर राहायला लागले. डॉक्सोरुबिसिन हे नाव मेडिकल कॉलेजच्या डे-केअरमधल्या बायकांच्या तोंडी नाही. त्या त्याला रंगानंच ओळखतात. लाल औषध संपलं, आता दर आठवड्याला दुसरं चालू आहे. भुवया विरळ झाल्यात, नखं काळवंडलीत. डोकं उघडं ठेवून ती माझ्यासमोर आज पहिल्यांदाच बसते आहे. नागपूरच्या वन्संचा व्हिडिओ कॉल आला की इतके दिवस ती फोन छताकडे वळवून बोलायची.

मेंदीची कल्पना तिची स्वतःचीच. डॉक्टरांना तिनं आधी विचारलं. पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट ठीक आला, डोक्यावर कुठं ओरखडा किंवा पुळी नाही हे बघितलं गेलं, मग परवानगी मिळाली. जी6पीडी नावाच्या विकराची कमतरता नाही ना, याचीही तपासणी झाली. ही कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी मेंदीनं फुटू शकतात, हे आपल्याकडे किती थोड्यांना ठाऊक असतं! परवा मुलीनं कोपराच्या आत एक ठिपका लावून पाहिला. तिथं नारिंगी डाग उठलाय, खाज नाही, पुरळ नाही.

"आंटी, इसमें नीलगिरी भी नहीं डाला," मुलगी सांगते. नुसती मेंदीची पूड, चहाचं पाणी आणि थोडी साखर. दहा मिनिटांत रंगणारे काळ्या मेंदीचे कोन तिनं घरीच ठेवलेत. काळ्या मेंदीत बहुतेक वेळा केस काळे करायचं रसायन, पीपीडी, घातलेलं असतं. धडधाकट माणसाच्या कातडीवरही त्यानं फोड येतात. केमोनं हळवी झालेली कातडी त्याच्यापुढे काय टिकणार?

"मोर काढू? कमळ?" ती हिंदीत विचारते. मोबाइलवर चित्रं दाखवते. नाजूक वेली, कोयऱ्या, मुकुटासारख्या जाळ्या.

काकू मान हलवते. कागद मागते, पेन मागते.

काकूचं गोपद्माचं व्रत आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज देवापुढं रांगोळीची 33 गोपद्मं काढायची. तिच्या सासूनं ते केलं, मग हिनं घेतलं. यंदा मात्र नव्या औषधानं बोटांची टोकं बधिर झालीत. रांगोळी चिमटीत घेतली की किती घेतली ते कळत नाही. एकतर ढीग पडतो, नाहीतर काहीच पडत नाही. ब्लाऊजची हुकंसुद्धा काका लावून देतात. आषाढीपासून देवापुढची जमीन कोरी आहे, आणि केस गेल्याचं तिनं जितकं मनाला लावून घेतलं नाही तितकं हे लावून घेतलंय, असं मला वाटतं.

पेन मुठीत धरून ती कागदावर खूर काढते. दोन लांबट अर्धुकं, मध्ये फट. रेघ थरथरते, एकदा कागदावरून घसरते. मुलगी वाकून बघते. "गाय का पैर?"

"हो. ऐसे तैंतीस."

एवढ्यात वन्संचा फोन येतो. काकू तो काकांना धरायला सांगते आणि यावेळी कॅमेरा स्वतःकडे वळवून घेते. पलीकडे क्षणभर आवाज नाही. मग वन्सं बेत ऐकतात आणि विचारतात, "अगं, पाय डोक्यावर काढतेस?"

"गाईचे पाय डोक्यावर घ्यायला हरकत कसली, वन्सं?"

काकांनी गन कॅरेज फॅक्टरीत उभी नोकरी केली. सुताची जाडी मोजणारा माणूस. फोन कपाटाला टेकवून ते टाळूपासून दोन्ही कानांपर्यंत किती ओळी बसतील याचा हिशेब करू लागतात.

दारात चपला वाजतात. काकूची मेडिकलमधली मैत्रीण आली आहे. डिंडोरीकडची बैगा बाई, काकूपेक्षा वयानं थोडी लहान. उपचारासाठी शहरात भाच्याकडे राहते. तिचे दोन्ही दंड, मनगटं, पाय गोदण्यानं भरलेले आहेत. कपाळावरची खूण आठव्या वर्षाच्या सुमारास झालेली, बाकीची पुढं. गोदणारी बादी समाजाची बाई, बांधलेल्या सुया, कारळ्याच्या तेलाची काजळी. रडायचं नाही, अशी रीत. डे-केअरमध्ये सिस्टर तिच्या हातावर शीर शोधते तेव्हा त्या निळ्या रेघांमधून बोट फिरवत फिरवत शोधते. गळ्याखाली, पोलक्याच्या काठाबाहेर, आणखी एक रेघ दिसते. ती शाईची. रेडिएशनसाठी तंत्रज्ञानं आखलेली. धुवायची नाही, घासायची नाही, असं तिला बजावलेलं आहे.

ती खाली बसते, काकूच्या डोक्याकडे बघते आणि हसते. मग स्वतःच्या दंडावर हात फिरवून म्हणते, "गहना-गुरिया इहैं छूट जाही, दीदी. गोदना संग जाही."

आजार कुणाला विचारून अंगावर लिहीत नाही. छातीवर टाक्यांची आडवी रेघ, गळ्याच्या हाडाखाली पोर्टचा उंचवटा, शाईच्या फुलीसारख्या खुणा. कुठं काय असावं हे सगळं दुसरी माणसं ठरवतात, आणि ठरवायलाच हवं, त्याशिवाय इलाज नाही. पण म्हणूनच आज काकू पेन मुठीत धरून जे काढते आहे ते मला इतकं मोठं वाटतं. या अंगावर काय उमटावं हे कितीतरी महिन्यांनी तीच ठरवते आहे. डीना मेट्झगर या अमेरिकन लेखिकेनं 1970च्या दशकात, स्तन काढल्यावर, व्रणावर झाडाची फांदी गोंदवून घेतली आणि हात पसरून छायाचित्र काढू दिलं. टोरांटोत 'हेना हील्स' नावाच्या गटातल्या बायकांनी केमोनं केस गेलेल्या डोक्यांवर मेंदीचे मुकुट रेखले. काकूला यातलं काहीच माहीत नाही. तिला तिचं व्रत पुरं करायचंय.

सुईनं गोंदवणं तिला आज चालणारही नाही. केमो चालू असताना सुई म्हणजे संसर्गाला दार, आणि डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला तर रक्तदाबाचा पट्टाही लावत नाहीत. तळव्यावर मेंदी हवी का, असं मुलगी विचारते तेव्हा काकू उजवा हात पुढं करते, पण बोटांची टोकं कोरी ठेवायला सांगते. दवाखान्यात तिथं ऑक्सिजनचा चिमटा लावतात.

टाळूवर पहिला खूर उमटतो. काकू खांदे आखडते. "गार लागतं गं," ती म्हणते, आणि मग डोळे मिटून घेते. मुलीचा हात सराईत आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती डोकं हलकेच स्थिर धरते, उजव्या हातानं कोन दाबते. ओल्या मेंदीची उंच, हिरवी रेघ. डोक्याची कातडी तळव्यासारखी जाड नसते, त्यामुळे इथं रंग गडद चढणार नाही. उद्या सकाळी नारिंगी, परवापर्यंत तपकिरी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गेला. पुसला की पुन्हा काढायचा, असं काकूनं मुलीशी आधीच ठरवून टाकलंय. कार्तिकी अजून लांब आहे.

उपासाचं तिनं कालच मिटवलं. डॉक्टर उपास करू देत नाहीत. वन्सं म्हणाल्या, तुझा मी धरते.

बैगा बाई गुडघ्यांवर सरकत पुढं येते. ओळीतला एक खूर वाकडा आलाय, तो बोट न लावता दाखवते. मुलगी सुईच्या टोकानं फट सरळ करते. काका मागून आरसा धरतात, पण काकू आरशात न बघता विचारते, "किती झाली?"

"एकतीस."

"बत्तीस," फोनमधून वन्सं म्हणतात. मग दोघं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, एक नागपुरातून, एक इथून, आणि यावेळी दोघांचेही बत्तीस भरतात. टाळू भरली आहे, कपाळाकडची ओळ भरली आहे. मुलगी कोन हातात धरून जागा शोधते. काकू हातानंच उजवा कान पुढं दुमडते.

"इधर देख बेटा, कानामागं. एक आरामात बसतं."