गोळी पोटात, अंश पाण्यात

कंबर धरली की डायक्लोफिनॅकची गोळी. तिचा काही अंश लघवीवाटे गटारात उतरतो आणि सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंना फारशी दाद देत नाही. तुरटीने गाळ बसतो. विरघळलेलं औषध बहुतांशी तसंच राहतं.

झुरिचजवळच्या ड्यूबेनडॉर्फला २०१४पासून सांडपाण्यात ओझोन सोडतात. तो रेणू फोडतो, उरलेल्या तुकड्यांपैकी काही पुढच्या वाळूच्या गाळणीतले जिवाणू संपवतात. नदीत जाण्याआधीच केलेला हा बंदोबस्त मला शहाणपणाचा वाटतो.

नळाच्या पाण्यासाठी दुसरा उपाय सक्रिय कोळशाचा, नारळाच्या करवंटीपासूनही होणारा. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर! औषध तिथे चिकटतं. जागा भरली, की कोळसा बदलायचा. घरच्या फिल्टरमधला तुम्ही शेवटचा कधी बदलला?