शाकुहाची आणि गुणक्री

होमिओपॅथीचा डॉक्टर झोपेची चौकशी जरा जास्तच करतो. अलीकडे भालकी-बसवकल्याणकडची ज्येष्ठ मंडळी मला सांगतात, की मुलाने पुण्याहून बासरीसारखे काहीतरी मोबाइलवर पाठवले आहे, जपानी आहे म्हणे, ऐकावे का? खुशाल ऐका, मी म्हणतो. फक्त त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी सोडू नका.

हे संगीत जगभर पोहोचवणाऱ्यांत कितारो हे नाव मोठे. मूळ नाव मासानोरी ताकाहाशी. 1980 साली जपानी दूरदर्शनच्या रेशीममार्गावरील मालिकेला त्यांनी सिंथेसायझरवर संगीत दिले. पुढे 2001 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. मात्र या शांततेचे मूळ मला शाकुहाचीत दिसते. ही बुंध्याकडच्या बांबूची उभी बासरी, लांबी सुमारे 54 सेंटिमीटर. पुढे चार भोके, मागे एक. टोपलीसारख्या टोपीने चेहरा झाकलेले फुके पंथाचे साधू ती वाजवत भिक्षा मागत. त्यांच्या लेखी ते वादन नव्हतेच, फुंकेतून केलेले ध्यान होते. 1871 साली सरकारने तो पंथच बंद केला. बासरी राहिली.

आता घरची पेटी काढा. सा, कोमल रे, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत एवढेच स्वर वाजवा. जपानी संगीतातली ही एक प्रमुख स्वरावली आहे. माणिकनगरच्या उत्सवात गाणे ऐकत वाढलेला कान लगेच म्हणेल, अहो, ही तर भैरव अंगाची गुणक्री! स्वर तेच. आंदोलन आणि मींड आपली, एवढाच फरक. तेथील दुसरी एक स्वरावली आपल्या दुर्गाशी जुळते. तेव्हा परके असे त्यात फार नाही.

परके आहे ते थांबणे. आपल्याकडे गायक थांबला तरी तंबोरा चालूच असतो. शाकुहाचीच्या जुन्या रचनांना ताल नसतो, खाली षड्जही नसतो. श्वास संपला की स्वर संपतो, आणि खरोखर काहीच उरत नाही. या मोकळ्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. मोबाइलवर ‘जपानी ध्यानसंगीत’ म्हणून जे तासन्‌तास वाहत असते, त्यात बहुधा हीच जागा बुजवलेली असते. झोप येण्यापुरते ते ठीक.

पत्नी गेल्यानंतर वर्षभर माझ्या घरात टीव्ही दिवसभर चालू असे, कोणी पाहत नसतानाही. सामायिकाची 48 मिनिटे पूर्वी सहज जात, ती जाईनात. त्या काळात मी शाकुहाची ऐकू लागलो. सामायिकात नव्हे, त्यात वाद्याला जागा नाही, त्याच्या आधी. पहिल्या दिवशी स्वर थांबला तेव्हा मोबाइल बंद पडला की काय म्हणून हात पुढे गेला. पुढेही पुष्कळ दिवस जात होता.

आपण ऐकणार असाल तर पंखा बंद करा. फुंकेची खरखर वादक मुद्दाम ठेवतो, ती पंख्यात हरवते. कलबुर्गीच्या एप्रिलमध्ये हे जमणार नाही, म्हणून पहाटे ऐका. गुणक्रीही सकाळचीच.