मैदानाच्या कडेला तुमची एक खुर्ची

सायंकाळी फेरफटका मारताना वस्तीतील मोकळ्या जागेवर खेळणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांच्याजवळ चेंडू असतो, उत्साह असतो. पण लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूस बहुधा नसते. वाचकहो, ही उणीव तुम्ही भरून काढू शकता आणि त्यात तुमच्याही प्रकृतीचे हित आहे.

नागपूरचे उदाहरण पाहा. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास भर पावसात तुटक्या बादलीचा चेंडू करून खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली. त्यांनी त्या मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरवले आणि त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत तिने भारताचा संघ उतरवला. २०१६ मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट याच कार्यावरून स्फुरला.

एवढे मोठे काम प्रत्येकाकडून होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. खेळाचे मैदान खरोखर सर्वांचे आहे का, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे: तेथे कोण खेळत नाही, ते पाहावे. पुष्कळदा मुली वयात येताच खेळ सोडतात. अपंग किंवा मतिमंदत्व असलेले मूल घरातच राहते. विश्वासातले एखादे आजोबा किंवा आजी रोज तेथे बसतात, हे कळले की आईवडिलांचा जीव निर्धास्त होतो आणि मुलीला पाठवण्यास घर तयार होते.

तुम्ही काय करू शकाल? गुणफलक लिहा, वेळ मोजा, हजेरी ठेवा, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहा. पाय मुरगळल्यास चोळू देऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा. पाय टेकवता येत नसेल, तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवा. उन्हात चक्कर आल्यास सावलीत निजवून पाय थोडे उंच करा. मूल पूर्ण शुद्धीवर असेल तरच पाणी द्या. देणगी देण्यापूर्वी संस्थेची नोंदणी, हिशेब आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम विचारावेत; पावती अवश्य घ्यावी.

यात तुमचा लाभ कोणता? गुडघेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या अनेक ज्येष्ठांच्या बोलण्यातून पुढे एकटेपणाच डोकावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम करावेत. मैदानापर्यंत चालत जाणे, खुर्चीवरून आधाराविना दहा वेळा उठणे-बसणे, हे तेथेच साधते. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या जाणिवेने तो नेम टिकतो.

मात्र छातीत दडपण, धाप किंवा भोवळ जाणवल्यास तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार वा मधुमेह असल्यास नवा व्यायाम आरंभण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. घरातील वृद्धांना चाकाच्या खुर्चीतून का होईना, मैदानाच्या कडेला न्यावे. सावली, प्रसाधनगृह आणि सपाट वाट आहे ना, हे आधी पाहून ठेवावे. विस्मरणाचा त्रास असलेल्यांजवळ घरचे कोणीतरी थांबावे. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. मुलांची नावे विचारावीत, आपलेही सांगावे. पुढच्या आठवड्यात मुलेच हाक मारतील.