अपघाताची भरपाई : मुदत चुकवू नका

नवरा स्कूटरवरून कामाला निघतो आणि तासाभरात इस्पितळातून निरोप येतो. पुढचे दोन महिने ऑपरेशन, औषधे आणि उसनवारी यांत जातात. मग फिजिओथेरपी, मुलांच्या परीक्षा, बिनपगारी रजा. ‘आधी माणूस उभा राहू दे, कोर्टाचे मागाहून पाहू,’ असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. सल्ला मायेचा असतो, पण भरपाई मागण्याच्या मुदतीचे दिवस तोवर सरत असतात.

मोटार वाहन कायद्यानुसार ही मुदत आहे सहा महिन्यांची. ती मोजायची अपघाताच्या दिवसापासून, इस्पितळातून घरी आल्यापासून नव्हे.

गोंधळ का होतो?

1988 च्या कायद्यातही सहा महिन्यांचीच मुदत होती. सबळ कारण असल्यास बारा महिन्यांपर्यंतचा अर्ज घेता येई. नोव्हेंबर 1994 मध्ये ही अटच काढून टाकण्यात आली. त्यामुळे ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ हा समज घरोघरी रुजला. 2019 च्या दुरुस्तीने मुदत परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याची सोयही कलमात ठेवलेली नाही.

या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. ज्यांना उशीर झाला आहे त्यांनी म्हणूनच निराश न होता लगेच वकिलांना भेटावे. मात्र अंतरिम आदेश बदलू शकतो. ज्यांच्या हाती अजून वेळ आहे, त्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

अर्ज कोणी, कुठे करायचा?

जखमी व्यक्ती अंथरुणावर असेल तर तिने अधिकार दिलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. मृत्यू झाला असल्यास वारस करू शकतात. सहलीला गेले असता परराज्यात अपघात झाला, तरी तिथे खेटे घालायला नकोत; आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. एफआयआर, पंचनामा, इस्पितळाची कागदपत्रे, बिले, उत्पन्नाचा पुरावा आणि समोरच्या वाहनाच्या विम्याचा तपशील पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवावा.

पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तोच अर्ज म्हणून धरला जातो. पण ‘पाठवला असेल’ या भरवशावर न राहता चौकशी करावी.

इतर अपघातांचे काय?

मुदत सर्वत्र सारखी नाही. रेल्वेतून पडून दुखापत झाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षात जावे लागते. कामावर असताना झालेल्या दुखापतीच्या भरपाईसाठी दोन वर्षे आहेत. डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे जायचे तर तिथेही दोन वर्षांचीच मुदत आहे.

रुग्णाजवळ कोण बसणार, डबा कोण नेणार, हे घरात पहिल्याच दिवशी ठरते. त्याच वेळी एकाने कागदांची जबाबदारी घ्यावी आणि फायलीच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख ठळक लिहून ठेवावी.