आखाजीच्या पंगतीत पाऱ्याचा विषय

पारा चढल्याच्या बातम्या आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात जोडीनंच येतात. सोनगीरमध्ये माहेरवाशिणी जमल्या, पितरांच्या घागरी भरल्या, मांडे-आमरस झाला, की उन्हाचं बोलणं निघतंच. पण पुण्याहून आलेली नात ‘हवामानबदल’ म्हणाली, की आबा म्हणतात, ‘बहात्तरलेबी असंच व्हतं.’ आजी पुढचं तोडते, ‘जाऊ दे ना माय, सणासुदले कशाले वाद?’

या घरांत विज्ञानाशी कुणाचं भांडण नाही. बोअर किती खोल नेलं, बांधावरचा निंब कुणी तोडला, असे प्रश्न थेट वडीलधाऱ्यांच्या निर्णयांवर येतात, म्हणून सगळे गप्प.

टेक्सासमधल्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो यांच्या तर घरातच हा पेच होता. त्यांचे पती अँड्र्यू फार्ली धर्मोपदेशक. लग्न झालं तेव्हा त्यांना हवामानबदल पटत नव्हता. बरेच दिवस घरात चर्चा चालली आणि २००९ मध्ये दोघांनी मिळून याच विषयावर पुस्तक लिहिलं. हेहोबाईंचा सल्ला असा, की आकड्यांनी सुरुवात करू नका. समोरच्याला आणि तुम्हाला, दोघांनाही ज्याची काळजी आहे तिथून करा.

मला तो अर्धाच पटतो. आबांच्या ‘बहात्तर’ला उत्तर द्यायलाच हवं. बहात्तरचा दुष्काळ पावसानं दगा दिल्याचा होता. आता अख्ख्या पृथ्वीचंच सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा एका अंशाहून जास्त वाढलंय. एका अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जादा बाष्प धरू शकते. म्हणून मोठा खंड आणि नंतर कोसळणारा पाऊस, दोन्ही एकाच हंगामात. दुबार पेरणी केलेल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं.

पुढचं बोलणं पंपावर न्यावं. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणं, विंचूकाट्याची भीती, हे कुणाला नकोच आहे. सौर पंपाचा अर्ज भरताना वाद होत नाहीत. शिवाय आपल्याच जिल्ह्यात, साक्रीच्या शिवाजीनगरला, महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. आबांना तो दाखवून आणता येतो.

पंगतीत दीपनगरच्या औष्णिक केंद्रातला जावई असेल तर मात्र पंपावर भागत नाही. कोळसा कमी व्हावा म्हणणं म्हणजे त्याच्या पगारावर बोलणं. तरी बोलावं. आखाजीला शेजारच्या दोन गावांच्या बायकांनी ‘बार’ खेळायची, एकमेकींना खच्चून शिव्या द्यायची रीत ज्या मुलखात होती, तिथं सणाला वाद नको हे कारण मला जरा लंगडं वाटतं. ‘भाऊ, कोळसा बंद झाला तर तुमच्या नोकऱ्यांचं काय करायचं?’ हा प्रश्न नातीनं त्यालाच विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.