दिलासाही शिकता येतो

धाप लागलेल्या माणसाच्या तोंडासमोर हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा धरा. वारा नाकावर आणि गालांवर लागू द्या. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही, फुप्फुसाचा आजारही जिथल्या तिथे असतो, आणि तरी बऱ्याच जणांची घुसमट काही मिनिटांत उतरते! हे कसं होतं? चेहऱ्याच्या त्वचेतून मेंदूकडे जाणारी नस या गार झुळकेची वर्दी देते. हवा आत येतेय, एवढ्या खबरेनेच मेंदूची घाबरगुंडी कमी होत असावी, असं शास्त्रज्ञ मानतात.

पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सला हे ठाऊक असतं. आजार बरा होवो न होवो, त्याचा त्रास कमी करायचा, हे तिचं काम. आपण म्हणतो, अशा कामाला मुळात स्वभाव मायाळू लागतो, त्यात शिकायचं काय? पण थक्क व्हावं ते इथेच. दिलासा देणं ही शिकता आणि शिकवता येणारी विद्या आहे, आणि तिचा एक मोठा धडा चक्क नर्सच्या खोलीतून डॉक्टरांच्या पुस्तकात गेला!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, तशा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. पुढे सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत त्या स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या आणि तिथे त्यांनी एक विलक्षण पद्धत पाहिली. इतरत्र रुग्ण कळवळला की मॉर्फिन हे वेदनाशामक मिळायचं. इथे नर्स रुग्णाच्या कण्हण्याची वाट बघत नव्हत्या, त्या घड्याळ बघत होत्या. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग? आच आधीच कमी करायला हवी. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून तो उतरायच्या आत पुढचा डोस द्यायचा. वेदनेला डोकं वर काढायला फटच उरत नाही!

सॉन्डर्स यांना हे इतकं पटलं की तिशी उलटल्यावर त्यांनी डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या, हजारावर रुग्णांच्या बारीकसारीक नोंदी ठेवून त्यांनी ही पद्धत सिद्ध केली आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांची काळजी घेणारी संस्था, उघडलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वेदना फक्त शरीराची नसते. डोक्यावरचं कर्ज, लेकीच्या लग्नाचा घोर, ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न, हे सगळं त्याच दुखण्यात मिसळलेलं असतं. म्हणून नर्सला गोळीचा हिशेब यावा लागतो आणि घरातला घोरही ओळखता यावा लागतो.

मग अशी नर्स घडते कशी? सुरुवात इतर नर्सांसारखीच. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग. बीएस्सीला विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा लागते. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. मुलगे असोत की मुली, वाट तीच. नाडी बघणं, सुई टोचणं, पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून रुग्णाला कुशीवर वळवणं, हे हातात बसल्याशिवाय पुढचं शिकता येत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे खास प्रशिक्षण. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही १९९४ सालची संघटना डॉक्टर आणि नर्ससाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. केरळात कोझिकोड आणि तिरुवनंतपुरम इथे नर्स शिकायला जातात. आणि आपल्याकडे महाराष्ट्रात? देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उघडलं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून रुग्णांची मोफत काळजी घेतं.

या प्रशिक्षणात काय काय मिळतं, ते बघा. कर्करोगाची जखम फुटली की कधी कधी इतका वास येतो की घरचेही दारातूनच बोलतात. नर्स काय करते? जखम धुते, जुलाबावर मिळणारी मेट्रोनिडॅझोलची स्वस्त गोळी कुटून तिची पूड वर भुरभुरते आणि ड्रेसिंग बांधते. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू हा वास सोडतात, आणि हे औषध नेमकं त्यांनाच मारतं. काही दिवसांत वास ओसरतो आणि लांब उभी राहणारी नातवंडं पुन्हा आजीच्या खाटेवर येऊन बसतात. केवढ्याशा पुडीने केवढं अंतर मिटतं!

बोलण्याचासुद्धा सराव असतो. ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका हं!’ हे वाक्य प्रत्येक नर्सला कधी ना कधी ऐकावं लागतं. हो म्हणायचं की नाही? वर्गात एक जण मुलगा होतो, एक जण नर्स, आणि प्रसंग वठवून बघतात. नर्स वाद घालत नाही. ती विचारते, ‘सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ मग मुलाची भीती बाहेर येते. पुढे बाबांकडे गेलं की पुष्कळदा कळतं, त्यांना सगळं आधीच उमगलेलं असतं!

शिकून पुढे? रुग्णालय, हॉस्पिस, घरोघरी जाणारं पथक, नाहीतर एमएस्सी करून शिकवणं. सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअरही आहे, म्हणजे ही वाट गावापर्यंत जाते. युगांडाने तर कमालच केली. तिथे २००४ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून द्यायचा कायदेशीर अधिकार आहे.

आणि हे काम फक्त शेवटच्या दिवसांचं आहे, असं वाटतं? २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आणि नर्स भेटत राहिले. त्यांचं जगणं सुखकर झालं, मन कमी खचलं. शेवटच्या टप्प्यातले जहाल उपचारही त्यांनी कमी घेतले. आणि तरी ते जास्त जगले: मध्यक ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते, आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. तोडगा काय, ते माहीत आहे: घड्याळ, पंखा, कुटलेली गोळी, नेमका प्रश्न. यातलं महाग काहीच नाही, कमी आहेत ते शिकलेले हात. तुमच्या घरात कुणी बारावीला असेल, पुढे काय करायचं याच्या विचारात असेल, तर या वाटेबद्दल त्यांना जरूर सांगा.